नापास, रिपीटर, ड्रॉप : वैद्यकीय प्रवेशाच्या दुसऱ्या प्रयत्नाचा इतिहास

१/
‘नीट’चा निकाल लागला की सातारा, कराड, फलटण, विटा, सांगली, मिरज इथल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. गुण अपेक्षेपेक्षा कमी आले. आता वर्षभर थांबून पुन्हा परीक्षेला बसायचे, की मिळेल तो अभ्यासक्रम पदरात पाडून घ्यायचा? ही चर्चा वरवर घरगुती वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. आजचा धागा त्या इतिहासाचा आहे.

२/
मुख्य मुद्दा आधीच मांडू. आपल्या आजोबांच्या पिढीतले ‘नापास’ आणि आजच्या विद्यार्थ्याचे ‘कमी गुण’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात विद्यार्थ्याला विषय किती आला हे ठरत असे. दुसऱ्यात जागा किती आणि त्या मागणारे किती हे ठरते. घराघरांत मात्र दुसऱ्या गोष्टीला पहिलीचाच न्याय लावला जातो, आणि त्याची किंमत अठरा वर्षांच्या मुलामुलींना मोजावी लागते.

३/
भाषेपासूनच सुरुवात करू. शब्द हेही इतिहासाचे साधन असते. जुन्या मराठी घरांत ‘ऑक्टोबरची वारी’ हा शब्दप्रयोग रूढ होता : मार्चच्या परीक्षेत गटांगळी खाल्लेला विद्यार्थी ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसे. शाळा सुटलेल्याला ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून परीक्षा देता येई. या दोन्ही शब्दांत नापास होणे गृहीत आहे. ‘ड्रॉप घेणे’ हा शब्द नवा आहे. ड्रॉप घेणारी मुलगी बहुधा बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली असते. ती नापास झालेली नाही, तरीही थांबलेली आहे. अशी अवस्था पूर्वी फारशी नव्हती, म्हणून तिला शब्दही नव्हता.

४/
आता मागे जाऊ. १८४५मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्या काळी अडचण नेमकी उलटी होती : जागा होत्या, विद्यार्थी मिळणे कठीण होते. शवविच्छेदनाविषयी उच्चवर्णीय घरांत तीव्र विटाळभावना होती, आणि इंग्रजी जाणणारे तरुण मोजकेच. विद्यार्थी टिकावेत म्हणून विद्यावेतन द्यावे लागे. १८५१मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांची मनधरणी करावी असा तो काळ होता, हे आज सांगूनही खरे वाटत नाही.

५/
१८५७मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि १८५९मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. न्या. म. गो. रानडे आणि रा. गो. भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. बसलेल्यांपैकी बहुसंख्य त्या वर्षी अनुत्तीर्ण झाले. पुढे अनेक दशके मॅट्रिक ही पांढरपेशा जीवनाची वेस होती. ती ओलांडण्यासाठी लोक दोनदा, तीनदा बसत. गंमत अशी की, ‘मॅट्रिक नापास’ ही स्वतःच एक पात्रता मानली जाई. तेवढ्यावर कारकुनी किंवा मास्तरकी मिळू शके.

६/
ही परीक्षा उंबरठ्यासारखी होती. ठरावीक गुण मिळाले की माणूस आत. शेजारच्या बाकावरच्याला किती गुण मिळाले याने आपला निकाल बदलत नसे. सगळा वर्ग उत्तीर्ण होऊ शके, सगळा वर्ग अनुत्तीर्णही होऊ शके. म्हणूनच तिथे दुसऱ्या प्रयत्नाचा अर्थ साधा होता : जे आले नव्हते ते शिकून या. दुसऱ्या प्रकारची परीक्षा शर्यतीसारखी असते. तिथे जागा आधी ठरतात आणि निकाल नंतर लागतो. हा दुसरा प्रकार भारतात वेगळ्या दाराने आला.

७/
ते दार म्हणजे भारतीय सनदी सेवा. १८५५पासून तिची स्पर्धा परीक्षा लंडनमध्ये होऊ लागली. पुढे भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरी यांच्या निर्णयाने कमाल वयोमर्यादा २१वरून १९ वर आली आणि १८७८पासून ती लागू झाली. कागदावर नियम सर्वांना सारखाच होता. पण समुद्र ओलांडून, परक्या भाषेत आणि परक्या अभ्यासक्रमात तयारी करणाऱ्या भारतीय तरुणाला त्या वयात पहिलाच प्रयत्न कसाबसा साधणार. दुसऱ्याला वाव उरत नसे. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी त्याविरुद्ध देशभर दौरे काढले. वयाची आणि प्रयत्नांची मर्यादा हा राजकीय प्रश्न असतो, हे आपल्या राष्ट्रीय चळवळीला तिच्या बाल्यावस्थेतच उमगले होते.

८/
शर्यतीच्या परीक्षेचा सर्वांत दीर्घ अनुभव चीनचा. तिथल्या राजसेवा परीक्षांत प्रत्येक प्रदेशाचा उत्तीर्णांचा कोटा ठरलेला असे. अठराव्या शतकात लोकसंख्या झपाट्याने वाढली, कोटे त्या प्रमाणात वाढले नाहीत. परिणामी विद्वान माणसेही आयुष्यभर पुनःपुन्हा बसत राहिली. चार वेळा अपयशी ठरलेला हाँग श्यूच्वान हा तरुण पुढे तायपिंग बंडाचा (१८५०–६४) नेता झाला. बंडाची कारणे अनेक होती. पण वर्षानुवर्षे उंबऱ्यावर ताटकळणारा सुशिक्षित तरुण हा समाजाच्या दृष्टीने लहानसा प्रश्न नसतो, एवढे त्यातून दिसते. १९०५मध्ये ती परीक्षापद्धती रद्द झाली.

९/
आता आपल्या कृष्णाकाठी येऊ. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले. सांगली–मिरज मार्गावरच्या वॉनलेसवाडीच्या नावात त्यांची आठवण आहे. रुग्णालयाच्या जोडीने वैद्यकीय मदतनीस घडवणारी शाळाही त्यांनी चालवली. साताऱ्यातील आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयाचे नावच पाहा : आर्य आणि आंग्ल अशा दोन्ही वैद्यकांचा मेळ घालण्याची विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील धडपड त्या नावात जपली गेली आहे.

१०/
म्हणजे त्या काळी ‘डॉक्टर’ होण्याचे रस्ते अनेक होते. विद्यापीठाची पदवी हा एक. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलसारख्या (१८७८) शाळांमधून मिळणारी कनिष्ठ पदविका हा दुसरा. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची (१९१२) ‘एल.सी.पी.एस.’ हा तिसरा. जुन्या बाजारपेठांत डॉक्टरांच्या पाट्यांवर ही अक्षरे अनेकांनी पाहिली असतील. पदवीचे दार बंद झाले तर पदविकेचे उघडे असे. त्यात उच्चनीचता होती, पदविकाधारकांना दुय्यम लेखले जाई, हेही खरे. पण एका परीक्षेवर सारे आयुष्य टांगलेले नव्हते.

११/
१९४३मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६च्या अहवालात शिफारस केली की, देशात एकाच दर्जाचा ‘मूलभूत डॉक्टर’ असावा. पदविकांच्या शाळा बंद कराव्यात किंवा त्यांची महाविद्यालये करावीत. त्याच वर्षी पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल महाविद्यालय झाले. रुग्णांच्या दृष्टीने ही शिफारस योग्यच होती. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर का? परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. अनेक दारांच्या जागी एम.बी.बी.एस. हे एकच मोठे दार उरले आणि त्यासमोरची रांग लांबत गेली.

१२/
१९६२ हे वर्ष आपल्या भागासाठी महत्त्वाचे. त्या वर्षी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पाठोपाठ १९६३मध्ये सोलापूरचे महाविद्यालय आले. त्याआधी सातारा–सांगलीच्या विद्यार्थ्याला पुणे किंवा मुंबई गाठणे भाग होते. प्रवेश ‘इंटर सायन्स’च्या गुणांवर मिळे, दहा-अधिक-दोन-अधिक-तीन हा आकृतिबंध आल्यावर बारावीचे गुण निर्णायक ठरू लागले. परीक्षा अजून उंबरठ्याचीच होती. तिच्या गुणांचा उपयोग मात्र शर्यतीसाठी होऊ लागला होता.

१३/
या शर्यतीत कोण कोणाशी धावणार, हेही शासनच ठरवी. महाराष्ट्रात बराच काळ त्या त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातील महाविद्यालये त्याच क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी राखीव होती. साताऱ्याच्या मुलाची स्पर्धा मुंबईच्या मुलाशी नसे. १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निदामर्ती महेशकुमार खटल्यात ही सरसकट राखीव पद्धत घटनाबाह्य ठरवली, मात्र ७० टक्क्यांपर्यंत जागा क्षेत्रासाठी ठेवण्यास मुभा दिली. पुढे गाजलेले ७०:३० सूत्र यातून आले. सप्टेंबर २०२०मध्ये राज्य शासनाने तेही रद्द केले. त्यामुळे २०१९मध्ये प्रवेश हुकून २०२०मध्ये पुन्हा बसलेल्या विद्यार्थ्याचे प्रतिस्पर्धीच बदलले.

१४/
तिसरी वाट पैशाची. १९८३मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगीचे धोरण आणले. सांगलीच्या मातीतला, स्वतः उच्च शिक्षण न घेतलेला हा नेता; ‘आपली मुले शिकायला कर्नाटकात का जावीत?’ हा त्या वेळचा सार्वत्रिक सवाल होता. १९८४मध्ये कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जागा वाढल्या, तसा देणग्यांचा प्रश्नही वाढला आणि १९८७च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याची वेळ आली. तेव्हापासून गुण कमी पडलेल्या प्रत्येक घरासमोर दोन हिशेब असतात : एका वर्षाचा खर्च आणि साडेचार वर्षांच्या खासगी शुल्काचा खर्च. ड्रॉपचे अर्थशास्त्र या वजाबाकीत आहे.

१५/
बारावीच्या गुणांवर प्रवेश होते तेव्हा ‘लातूर पॅटर्न’ जन्माला आला : बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेचा कसून सराव. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्राने वैद्यकीय प्रवेशासाठी स्वतंत्र सीईटी आणली. हा बदल जितका बोलला जातो त्याहून मोठा आहे. बोर्डाची गुणपत्रिका हा आयुष्यभराचा दस्तऐवज असतो. सीईटीचा गुणक्रम मात्र त्या वर्षापुरताच जिवंत. पुढच्या वर्षी सर्वांची पाटी कोरी. जिथे पाटी कोरी होते तिथे पुन्हा बसणे हा शहाणपणाचा पर्याय ठरतो. आजचा ‘रिपीटर’ हे या पद्धतीचे अपत्य आहे.

१६/
राष्ट्रीय पातळीवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९८८पासून १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठी स्वतंत्र परीक्षा सुरू झाली होती. सर्व जागांसाठी एकच परीक्षा म्हणून ‘नीट’ प्रथम ५ मे २०१३ला झाली. १८ जुलै २०१३ला न्यायालयाने ती दोन विरुद्ध एक मतांनी रद्दबातल ठरवली. ११ एप्रिल २०१६ला तोच निकाल मागे घेतला. २८ एप्रिलला आदेश आला की त्याच वर्षी नीट घ्या; २४ मे रोजी अध्यादेश निघाला की राज्यांना त्या वर्षापुरती सूट. २०१७पासून मात्र राज्यांतल्या महाविद्यालयांसाठी नीट हेच एकमेव दार झाले.

१७/
हा तारखांचा खेळ विद्यार्थ्याच्या बाजूने वाचून पाहा. महाराष्ट्रात २०१३ला नीट, २०१४ ते २०१६ पुन्हा राज्याची सीईटी, २०१७पासून नीट. २०१३मध्ये गुण कमी पडले म्हणून ज्याने वर्षभर तयारी केली, त्याच्यासमोर २०१४मध्ये वेगळीच परीक्षा आली. २०१६ला राज्य मंडळाच्या पुस्तकांवर सीईटी देणाऱ्याला २०१७ला एनसीईआरटीच्या पुस्तकांवरची, चुकीच्या उत्तराला गुण कापणारी परीक्षा द्यावी लागली. त्याला आपण ‘दुसरा प्रयत्न’ म्हणतो. वास्तविक तो एका नव्या परीक्षेचा पहिला प्रयत्न होता.

१८/
किती वेळा बसता येईल, हा प्रश्नही याच काळात उभा राहिला. २०१७च्या नीटच्या सूचनेत तीन प्रयत्नांची मर्यादा आणि खुल्या प्रवर्गासाठी कमाल वय २५ अशी अट आली. आधीचे प्रयत्न धरायचे का यावरून गोंधळ उडाला. २०१७ हाच पहिला प्रयत्न धरावा असे स्पष्टीकरण द्यावे लागले. वयाची अट न्यायालयांत गेली. तीन प्रयत्नांची अट पुढे मागे पडली आणि २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कमाल वयोमर्यादा काढून टाकली. १८७८ची आठवण व्हावी असाच हा प्रसंग. दुसरी संधी कोणाला, हे गुणवत्तेच्या आधी नियमपुस्तिका ठरवते.

१९/
नियमांबरोबर नदीचाही वाटा असतो. २०१९ची नीट मे महिन्यात झाली. जून-जुलैत ड्रॉपचा अभ्यास सुरू होतो न होतो तोच ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर सांगली शहरात शिरला. नगर वाचनालयातले ग्रंथसुद्धा त्यात भिजले. २०२१ला जुलैच्या अखेरीस पुन्हा पूर आला, पाटण तालुक्यात दरडी कोसळून माणसे गेली. आणि नीट होती १२ सप्टेंबरला. आधीच्या वर्षी साथीमुळे परीक्षा १३ सप्टेंबर २०२०पर्यंत लांबली होती. या वर्षांच्या गुणपत्रिकांवर पुराचा आणि साथीचा उल्लेख कुठेही नाही.

२०/
आता अलीकडचे आकडे. २०२३मध्ये पूर्ण ७२० गुण दोघांना मिळाले. २०२४च्या जूनमध्ये पहिला निकाल लागला तेव्हा ते ६७ जणांना होते. वाढीव गुणांचा वाद, १,५६३ उमेदवारांची फेरपरीक्षेची मुभा, पेपरफुटीचे खटले आणि सुधारित निकाल यांनंतर ती संख्या १७ झाली. २०२५मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण होते ६८६. आधीच्या वर्षी तेवढ्याच गुणांवर हजारो विद्यार्थी पुढे होते.

२१/
पात्रतेची रेषाही तशीच हलते. खुल्या प्रवर्गासाठी ती ५० पर्सेंटाइलवर असते, म्हणजे निम्मे उमेदवार जिथे येतात तिथे. गुणांत ती २०२३ला १३७ होती, २०२४ला सुधारित निकालात १६२ झाली, २०२५ला १४४ झाली. १५० गुणांचा विद्यार्थी २०२३ला पात्र, २०२४ला अपात्र, २०२५ला पुन्हा पात्र. त्याच्या ज्ञानात काही फरक पडला का? फरक पडला तो प्रश्नपत्रिकेत आणि भोवतालच्या गर्दीत. अर्थात १५० गुणांवर शासकीय जागा मिळत नाही. पण पात्रतेच्या रेषेचा स्वभाव त्यातून कळतो, आणि प्रवेशाची रेषाही अशीच दरवर्षी सरकते.

२२/
२०२४मध्ये २३ लाखांहून अधिक उमेदवार परीक्षेला बसले. १३ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा एक लाखाच्या थोड्या वर, आणि त्यांतल्या साधारण निम्म्याच शासकीय. म्हणजे जे ‘पास’ झाले त्यांच्यातील दहापैकी नऊ जणांहून अधिकांना एम.बी.बी.एस.ची जागा मिळणे गणितानेच अशक्य होते. सर्वांनी दुप्पट अभ्यास केला असता तरी हा आकडा बदलला नसता. रेषा तेवढी वर गेली असती.

२३/
तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी : दुसरा प्रयत्न अनेकांना उपयोगी पडतो. तमिळनाडूत न्या. ए. के. राजन समितीने २०२१मध्ये दाखवले की २०१६-१७मध्ये तिथल्या वैद्यकीय प्रवेशांत पुन्हा बसलेल्यांचा वाटा साधारण आठात एक होता, तो २०२०-२१पर्यंत ७० टक्क्यांच्या पुढे गेला. याचा दुसरा अर्थ असा की, पहिल्याच प्रयत्नात बसणारा विद्यार्थी आता दोन-दोन वर्षे तयारी केलेल्यांशी स्पर्धा करतो. एका मुलाचा ड्रॉप हे दुसऱ्या मुलाच्या ड्रॉपचे कारण बनते.

२४/
आणि हे वर्ष सर्वांना सारखे विकत घेता येत नाही. कराड–वाळव्याच्या बागायती पट्ट्यातले घर आणि माण, खटाव, जत, आटपाडीच्या दुष्काळी गावातले घर यांच्यासाठी क्लास, वसतिगृह आणि खानावळ यांच्या वर्षाचा अर्थ वेगळा असतो. मुलीच्या बाबतीत ‘आणखी एक वर्ष’ म्हणताच तिच्या लग्नाचा विषय निघतो. वेळ ही गरिबाला न परवडणारी गोष्ट आहे हे सातारा जिल्ह्यात फार आधी ओळखले गेले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रुजवले, ते ज्यांच्या बापाजवळ ही वर्षे विकत घ्यायला पैसे नव्हते त्यांच्यासाठी.

२५/
इथवरचा इतिहास कशासाठी, तर यासाठी. २०२५मध्ये सांगली जिल्ह्यातून बातमी आली : नीटच्या सराव परीक्षेत कमी गुण मिळाले म्हणून वडिलांनी केलेल्या मारहाणीत एका मुलीचा मृत्यू झाला. मूळ परीक्षाही नव्हे, सराव परीक्षा. त्या घराबद्दल बाहेरून काही बोलू नये. पण गुणांचा आकडा म्हणजे मुलाच्या लायकीचा, कष्टाचा आणि आज्ञाधारकपणाचा पुरावा, ही समजूत त्या एका घरापुरती नाही. ती उंबरठ्याच्या परीक्षेच्या काळातून चालत आली आहे. परीक्षा बदलली, समजूत तशीच राहिली.

२६/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी साधनचिकित्सा शिकवतात. कागद हाती आला की विचारायचे : तो कोणी केला, कधी केला, कशासाठी केला, त्यात काय नोंदलेले नाही? गुणपत्रिकेला हेच प्रश्न विचारावेत. ती केली परीक्षा घेणाऱ्या संस्थेने. हेतू, जागांपेक्षा कितीतरी अधिक उमेदवारांना क्रमाने उभे करणे. तिच्यात नोंद आहे एका दुपारच्या तीन-साडेतीन तासांची. शाळेत भौतिकशास्त्राला शिक्षक होते का, घरात आजारपण होते का, पूर आला होता का, याची नोंद तिच्यात नाही.

२७/
याचा अर्थ गुण निरर्थक आहेत असा नव्हे. पक्षपाती साधनातूनही उपयुक्त माहिती मिळते, ते कशाबद्दल बोलते हे कळले तर. पुन्हा बसायचे की नाही ठरवताना नुसते गुण पाहू नयेत. आपला क्रमांक आणि आपल्या प्रवर्गात, राज्याच्या ८५ टक्के कोट्यात शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकावर झाला, यांतले अंतर पाहावे. गुण कोणत्या विषयात गेले? न आलेल्या प्रश्नांत, की चुकीच्या उत्तरांच्या वजावटीत? पहिले भरून काढता येते अभ्यासाने, दुसरे सरावाने. अंतर फार मोठे असेल, तर किती वर्षे द्यायची हे आधीच ठरवून कागदावर लिहिलेले बरे. चीनच्या परीक्षार्थींजवळ अशी मर्यादा नव्हती.

२८/
शेवटचा मुद्दा. १९६२मध्ये मिरज, १९८४मध्ये कराड, २००५मध्ये सांगलीत भारती विद्यापीठ, आणि साताऱ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची १०० जागांची पहिली तुकडी २०२१-२२मध्ये. मिरजेनंतर शेजारच्या जिल्ह्याला शासकीय महाविद्यालय मिळायला सुमारे साठ वर्षे लागली. या साठ वर्षांत सातारा जिल्ह्यातली किती मुले थोडक्या गुणांनी थांबली असतील, याचा दोष कोणत्याही एका मुलाच्या अभ्यासावर टाकता येणार नाही. दारे किती असावीत हे समाज आणि शासन ठरवते. रांगेतल्या मुलाच्या हाती तेवढे नसते.

२९/
आपल्या घरात डॉक्टरकीच्या प्रवेशाची गोष्ट असेल, मिळालेल्या किंवा हुकलेल्या, तर उत्तरात लिहा : वर्ष कोणते, परीक्षा कोणती, जिल्हा कोणता, त्या वर्षी नियम काय होता आणि पुढे काय केले. इंटर सायन्सची पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांना आजच विचारा. सरकारी दप्तरात निवडलेल्यांच्या याद्या सापडतात. थांबलेल्यांचा इतिहास घराघरांतच आहे.

धागा समाप्त.